बाजाराचे चित्र आणि माणसांमधले अंतर

मित्रहो, अलिबागचा बाजार रंगवायला बसलेला चित्रकार बहुधा आधी पोशाख शोधतो: कासोटा घातलेली कोळीण, जाळीदार टोपीतला दुकानदार, धोतरातला म्हातारा. ही नजर आपल्याकडे वारशाने आली आहे. इंग्रजी अमदानीत जातीजमातींचे आणि धंद्यांचे नमुने रंगवण्याची चाल पडली, आणि महादेव विश्वनाथ धुरंधरांसारख्या समर्थ चित्रकारानेही मुंबईच्या रस्त्यांवरची माणसे पोस्टकार्डांसाठी त्याच चालीने रेखाटली. त्यांचा हात असा की ती माणसे तरीही जिवंत वाटतात. आपल्या हातून मात्र नुसते पोशाखच उरतात.

शिवाय आता पोशाखावरून फारसे ओळखूही येत नाही. मासळीच्या पाटीमागे गाऊनवर ओढणी घेतलेली बाई बसलेली असते, आणि समोरचे गिऱ्हाईक आगरी आहे, कोकणी मुसलमान आहे की पांढरपेशा घरातले आहे, हे कपडे सांगत नाहीत. सांगतो तो व्यवहार. गिऱ्हाईक पापलेटाचा कल्ला उघडून लाली पाहत असते आणि त्या वेळी कोळणीची नजर मासळीवर नसते, गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर असते. एक मान खाली, एक वर, आणि दोन डोक्यांच्या मधली ती हातभर जागा आधी रेखाटा. नाकडोळे मागाहून आले तरी चालतात.

उजेडाचेही तसेच आहे. उन्हाळ्याच्या तोंडी पांढऱ्या कांद्याच्या माळा बाजारात येतात, आणि नवखा विद्यार्थी जलरंगात त्यांचा पांढरा रंग म्हणून कोरा कागद राखून ठेवतो. पण माळा निळ्या ताडपत्रीखाली टांगलेल्या असतील, तर कांद्याची वरची बाजू निळसर दिसते आणि खालच्या बाजूवर विक्रेतीच्या पिवळ्या साडीचा उजेड चढतो. कोरा कागद राखायचा तो ताडपत्रीच्या फटीतून ऊन पडते तेवढ्याच दोन-चार कांद्यांपुरता. सावंतवाडीत 1882 साली जन्मलेल्या चित्रकार सावळाराम हळदणकरांनी हातातल्या दिव्याचा उजेड बोटांतून झिरपताना जलरंगात दाखवला, तोही ज्योत झाकून.

अलिबागेतल्या इस्रायल आळीचा, म्हणजे ज्यू वस्तीच्या आळीचा, प्रश्न अवघड आहे. कोकणात पिढ्यान्पिढ्या तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, इथले मराठी बोलणारेच होते. 1948 मध्ये इस्रायल स्थापन झाल्यानंतर त्यांच्यातले बहुतेक तिकडे गेले. मागेन अबोथ हे त्यांचे प्रार्थनास्थळ आजही उभे आहे. गेलेल्या माणसांच्या आकृत्या कल्पनेने गर्दीत घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. एखाद्या दाराच्या चौकटीवर ठोकलेली मेझुझा, म्हणजे ज्यू घराच्या दारावरची प्रार्थनेची लहान डबी, आणि त्या दारावरून पाटी घेऊन जाणारी आजची भाजीवाली, एवढे पुरे.

पावसाळ्यात सगळेच बदलते. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, पाट्यांत सुकट आणि सुके बोंबील येतात, आणि निळ्या-रुपेरी रंगांच्या जागी तपकिरी छटा लागतात. कागद दमट होतो, पहिला थर लवकर सुकत नाही, म्हणून लहान कागद घ्यावा आणि थर कमी ठेवावेत. सुकटवाली पाटी उचलून बोहऱ्याच्या लोखंडी सामानाच्या दुकानाच्या पायरीवर, पागोळ्यांच्या आत सरकते, तेव्हा ती आणि दुकानदार यांच्यामधले, मघाशी सांगितलेले अंतर वीतभर होते. ते दाखवायला दोन आकृत्या आणि एक पायरी पुरते.