लॉगबुकातली सही आणि खाटेशेजारची देखरेख

मंडळी, नर्सिंगच्या विद्यार्थिनींचं वॉर्डातलं पोस्टिंग संपलं की आपण शिक्षक त्यांचं लॉगबुक, म्हणजे केलेल्या कामांची नोंदवही, उघडतो. इंजेक्शनं इतकी, ड्रेसिंग इतकी, खाली सही. पण मुलगी इंजेक्शन देत होती तेव्हा शेजारी कोण उभं होतं, हे त्या पानावर कुठेच नसतं.

टीपीआर (ताप, नाडी, श्वसन) चार्ट बघा. आठ पेशंट आणि आठही जणांचं श्वसन २०! म्हणजे कोणी मोजलेलंच नाही. श्वास पूर्ण ६० सेकंद मोजायचा, नाडीवरचं बोट न काढता. कारण आपला श्वास मोजतायत हे कळलं की पेशंटची लय बदलते. इन्स्ट्रक्टरने त्याच मिनिटाला स्वतः मोजावं, दोघींचे आकडे शेजारी लिहावेत. दोनपेक्षा जास्त फरक आला तर पुन्हा मोजावं. रक्तदाबाचंही तेच. जाड दंडाला लहान कफ बांधला की आकडा चढा येतो, आणि हवा भरभर सोडली तर वरचा आकडा हुकतो. सेकंदाला २ ते ३ मिलिमीटर, एवढ्याच वेगाने पारा उतरू द्यायचा. हे शेजारी उभं राहिल्याशिवाय दिसत नाही. न बघता सही करणं हा त्या मुलीवर अन्याय आहे, आणि पेशंटवर त्याहून मोठा.

भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असं आहे. पण ते दहाजण तीन वॉर्डांत विखुरले, की दोन वॉर्डांत शिक्षक नसतोच.

देखरेख मोजायला फिनलंडच्या मिक्को सारिकोस्की आणि सहकाऱ्यांची ‘क्लेस प्लस टी’ (वॉर्डातलं शिकण्याचं वातावरण, देखरेख आणि शिक्षक) ही विद्यार्थिनींनी भरायची प्रश्नावली आहे. ३४ विधानं, प्रत्येकाला १ ते ५ गुण. त्यातली विधानं अशी: वॉर्डातलं शिकण्याचं वातावरण ९, इन्चार्ज सिस्टरची पद्धत ४, शुश्रूषेची रीत ४, देखरेखीचं नातं ८, शिक्षकाची भूमिका ९. सोलापुरात मी त्यात एक प्रश्न आवर्जून घालीन: पेशंट फक्त तेलुगू किंवा कन्नड बोलत होता, तेव्हा माहिती घ्यायला कोणी मदत केली का? अक्कलकोटकडची आजी ‘दुखतंय’ कसं सांगते हे कळलं नाही, तर केअर प्लॅन कशावर लिहायचा?

फसतं ते फॉर्म भरून घेताना. इंटर्नल मार्क जायच्या आधी, ते मार्क देणाऱ्या शिक्षकाच्याच हातात फॉर्म द्यायचा असेल, तर सगळीकडे ५ येणार. म्हणून मार्क जमा झाल्यावर भरून घ्या, नाव नको, पेटीत टाका. चार-पाचजणांचा गट असेल तर अक्षरावरूनही ओळख पटते. अशा वेळी दोन-तीन बॅचचे फॉर्म एकत्र करूनच उघडा. आणि नुसती सरासरी काढू नका. दोघींनी ५ दिले, दोघींनी १, तर सरासरी ३ येते. वॉर्ड ठीकठाक वाटतो. प्रत्यक्षात दोघींना कोणी विचारलेलंही नसतं.

निकाल पुढची बॅच यायच्या आत इन्चार्ज सिस्टरकडे पोचवा. हँडओव्हर, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंटची माहिती सोपवणं, चालू असताना मुलींना ट्रॉली पुसायला पाठवतात असं त्यात निघालं, तर आधी तेवढं थांबवा. ट्रॉली अर्ध्या तासाने पुसली तरी चालते.