काचेच्या फुग्यातली ही चक्की प्रकाशाच्या धक्क्याने फिरत नाही!

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओत मी बोलत होते एका विषयावर, आणि तुमचं लक्ष होतं माझ्या मागच्या फळीवर. कमेंटमध्ये सगळ्यांचा एकच धोशा: "ताई, ते मागे गरगर फिरतंय ते काय?" म्हणून आज फक्त तेच.

(हातात घेऊन कॅमेऱ्याजवळ)

हा क्रुक्सचा रेडिओमीटर. काचेचा फुगा आहे, आतली जवळजवळ सगळी हवा काढून घेतलेली. मध्ये सुईच्या टोकावर तोललेली चार पाती. प्रत्येक पात्याची एक बाजू काळी, एक चकचकीत. ऊन पडलं की फिरतं. बॅटरी नाही, मोटर नाही. ओळख झाली, आता मुद्द्यावर येऊ.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी प्रश्न विचारणाऱ्यांना परस्पर उत्तरही देऊन टाकलं: "सोपं आहे, प्रकाश पात्यांना ढकलतो." नाही हो! असं होत नाही. आणि तुम्हाला तरी काय बोलणार, मी हे उपकरण घेतलं तेव्हा खोक्यातल्या माहितीपत्रकावर हेच छापलेलं होतं. वस्तू बनवणाऱ्यांनीच चुकीचं सांगायचं, याचा मला मनापासून राग येतो. कारण खरं उत्तर शोधायला त्या काळातल्या मोठमोठ्या डोक्यांना कित्येक वर्षं लागली, आणि ते या सोप्या उत्तरापेक्षा कितीतरी सुंदर आहे.

आधी नीट बघा, हे कोणत्या दिशेने फिरतंय. मी दिवा लावते. (दिवा लावून) दिसलं? चकचकीत बाजू पुढे चालली आहे, काळी बाजू मागे. म्हणजे धक्का बसतोय तो काळ्या बाजूला. आता प्रकाश खरंच ढकलत असता तर काय झालं असतं? भिंतीवर चेंडू मारा. तो चिकटून बसला तर भिंतीला एक धक्का, उसळून परत आला तर जवळजवळ दुप्पट. काळी बाजू प्रकाश गिळते, चकचकीत बाजू परत पाठवते. म्हणजे जास्त धक्का चकचकीत बाजूला बसायला हवा आणि चाक उलटं फिरायला हवं. ते तसं फिरत नाही. खरं तर विषय इथेच संपायला हवा, पण कमेंट वाचून मला माहीत आहे की तो संपत नाही.

म्हणून दुसरीकडून येते. विल्यम क्रुक्स हा इंग्लंडमधला रसायनशास्त्रज्ञ. १८६१ मध्ये त्याने थॅलियम हे मूलद्रव्य शोधलं. मग त्याचं अगदी अचूक वजन करायचं म्हणून तो निर्वात पेटीत तराजू ठेवून काम करत होता. तराजूवर ऊन पडलं की वजन हलायचं. दुसरा कोणी असता तर पडदा ओढून मोकळा झाला असता. क्रुक्स त्या हलण्याच्याच मागे लागला, आणि १८७३ मध्ये हे उपकरण जन्माला आलं. त्यालाही वाटलं की हा प्रकाशाचा दाब. जेम्स क्लर्क मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञाला तर आनंदच झाला, कारण प्रकाशाला दाब असतो हे त्याच्याच सिद्धांतातून निघत होतं.

पण फुग्यातली हवा आणखी आणखी काढत गेलं की काय होतं माहितीये? चाक थांबतं. प्रकाश ढकलत असता तर हवेचा अडथळा गेल्यावर ते आणखी जोरात फिरायला हवं होतं. आणि फुग्यात हवा भरत गेलात तरीही थांबतं. मधल्याच एका दाबाला ते उत्तम चालतं, साधारण १ पास्कलच्या (पास्कल हे दाब मोजायचं एकक) आसपास. आपल्या भोवतालच्या हवेचा दाब एक लाख पास्कल, त्याच्या तुलनेत हे बघा. म्हणजे त्या फुग्यात उरलेली चिमूटभर हवाच सगळं काम करते आहे.

आकड्यांतच बघायचं तर उन्हात ठेवलेल्या १ चौरस मीटर आरशावर प्रकाशाचा एकूण जोर सुमारे ९ मायक्रोन्यूटन. १ मिलिग्रॅमच्या वजनापेक्षाही कमी. त्याने सुईवरचं घर्षणसुद्धा मोडत नाही.

आणि हे जे मँचेस्टरला झालं ना, ते मला सगळ्यात आवडतं. १८७६ मध्ये आर्थर शूस्टर या भौतिकशास्त्रज्ञाने अख्खा रेडिओमीटर दोऱ्यांनी टांगला आणि त्यावर प्रकाश सोडला. पाती एका दिशेने फिरू लागली आणि काचेचा फुगा उलट्या दिशेने वळला! बाहेरून प्रकाश ढकलत असता तर फुग्याला उलटं वळायचं काही कारणच नव्हतं. ढकलणारा आत होता. पात्याला रेटताना तो काचेलाही रेटत होता. एवढ्या साध्या मांडणीत एवढा मोठा निकाल. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हातातलं सगळं सोडून घरातल्या प्रत्येकाला पकडून पकडून सांगितलं होतं.

आता जाणकार मंडळी. तुमची कमेंट अशी: "काळी बाजू तापते, तिथे आदळलेले हवेचे रेणू जास्त वेगाने परत उडतात, म्हणून पातं मागे रेटलं जातं." बरोबर दिशेने निघालात, पण अर्ध्यावर थांबलात. वेगाने परत उडणारे रेणू समोरून येणाऱ्या रेणूंनाही अडवतात. म्हणजे धक्के जोरदार, पण संख्येने कमी. पात्याच्या मधल्या भागात ही दोन्ही गणितं जवळपास बरोबरीत सुटतात. मग उरतं काय? कड!

कडेपाशी ही बरोबरी मोडते, कारण तिथे थंड बाजूकडचे रेणूही येत असतात. किती रुंद पट्टीत मोडते? एक रेणू दुसऱ्याला धडकेपर्यंत जेवढं अंतर जातो, साधारण तेवढ्या. नेहमीच्या हवेत हे अंतर ७० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे ती पट्टी असून नसल्यासारखी. १ पास्कलला तेच अंतर होतं ६-७ मिलिमीटर. पात्याच्या आकाराशी ताडून बघा. त्या पट्टीत जवळजवळ अख्खं पातं आलं! हवा आणखी काढलीत तर धक्का द्यायला रेणूच उरत नाहीत. म्हणून तो मधला दाब. हे कडेचं गणित आइन्स्टाइनने १९२४ मध्ये मांडलं. त्याच्याही आधी, १८७९ मध्ये, ऑस्बर्न रेनल्ड्स या शास्त्रज्ञाने दाखवलं होतं की विरळ हवा पृष्ठभागाला धरून थंड भागाकडून गरम भागाकडे सरकते. म्हणजे कडेवरून हवा काळ्या बाजूला गोळा होते आणि तिथला दाब वाढतो. मॅक्सवेलनेही त्याच वर्षी यावर लिहिलं, आणि त्याच वर्षी तो गेला. या दोन्ही गोष्टी मिळून हे चाक फिरतं.

"मग प्रकाशाला दाब नसतोच का?" असतो की! रशियात प्योत्र लेबेदेवने १९०१ च्या सुमारास तो मोजून दाखवला, तोही फार चांगल्या निर्वातात, बारीक धाग्याला टांगलेल्या पात्यांवर. जपानचं इकारोस हे यान २०१० मध्ये १४ मीटर बाजूचं पातळ शीड घेऊन शुक्राकडे गेलं, ते शीड खरोखर सूर्यप्रकाशाने ढकललं जात होतं. माझं भांडण प्रकाशाच्या दाबाशी नाही, तो या फुग्याला चिकटवण्याशी आहे.

"याला डायनॅमो लावून फुकट वीज मिळेल का?" हा प्रश्न दर वेळी येतो. नाही. हे दोन बाजूंच्या तापमानातल्या फरकावर चालणारं इवलंसं उष्णता इंजिन आहे. सुईच्या टोकावरचं घर्षण सोसेल एवढाच त्याचा जीव. डायनॅमो जोडलात की ते हलणारसुद्धा नाही. "माझं फिरतच नाही" म्हणणाऱ्यांनी एलईडी दिवा बाजूला ठेवा, उन्हात किंवा जुन्या तारेच्या बल्बजवळ न्या. तरी नाही फिरलं तर पाती सुईवरून घसरली असतील. फुगा हळूच तिरका करून परत बसवा. आपटू नका.

आणि ज्यांना अजूनही पटलं नसेल त्यांनी हे घरी करून बघा. रेडिओमीटर थोडा वेळ उन्हात तापू द्या, मग सरळ उचलून अंधाऱ्या, थंड जागी ठेवा. फ्रिज चालेल. काळी बाजू उष्णता लवकर बाहेर टाकते, म्हणून आता तीच जास्त गार होते, आणि चाक उलटं फिरायला लागतं. प्रकाश नाही, तरी फिरतंय, तेही उलटं! फ्रिजचं दार सताड उघडून बघू नका, आतला दिवा लागेल. मोबाइल आत ठेवून, फ्लॅश न लावता, कॅमेऱ्याला दिसेल एवढ्याच मंद उजेडात रेकॉर्ड करा. आणि व्हिडिओ पाठवताना काळी बाजू पुढे जाते आहे की मागे, ते स्पष्ट दिसेल अशा कोनातून घ्या.