डोळे मिटल्यावर आठवणारे

नमस्कार श्रोतेहो.

विज्ञानपटांतली न विसरता येणारी पात्रं, असा विषय मला दिलाय. रेडिओवर हे बोलायचं म्हणजे पंचाईतच. चेहरा दाखवता येत नाही, पोशाख दाखवता येत नाही. मग म्हटलं, आपण डोळे मिटले तर कोणकोण आठवतं बघू. बरेच जण आठवले! तर आज फक्त तेच. कानात राहिलेली पात्रं.

पहिला अर्थात डार्थ व्हेडर. ‘स्टार वॉर्स’, १९७७. त्या काळ्या पोशाखाच्या आत होते डेव्हिड प्राऊज, चांगले धिप्पाड गृहस्थ. आवाज मात्र जेम्स अर्ल जोन्स यांचा. आणि तो घोगरा श्वास? तो ध्वनिरचनाकार बेन बर्ट यांचा. पाणबुडे तोंडात धरतात ना, त्या श्वसनयंत्रात छोटा मायक्रोफोन सरकवून त्यांनी तो टिपला. म्हणजे बघा, देह एकाचा, आवाज दुसऱ्याचा, श्वास तिसऱ्याचा. तिघांचा मिळून एक खलनायक. यातले जोन्स लहानपणी तोतरेपणामुळे कित्येक वर्षं जवळजवळ मुकेच होते. आणि पहिल्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत त्यांचं नावही नाही, कारण त्यांनीच ते नको म्हटलं होतं. हल्ली श्रेयनामावली सुरू झाली की लोक खुर्च्या आपटत उठतात, त्यांना हे कळणार कधी? असो.

आता ज्याच्यासाठी मी हा विषय घेतला, तो हॅल. १९६८ सालचा स्टॅनली कुब्रिक यांचा ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’. हॅल म्हणजे यान चालवणारा संगणक. दिसायला काय, तर भिंतीत बसवलेली एक लाल भिंग. हात नाहीत, पाय नाहीत, चेहरा नाही. नुसता आवाज. आणि तो आवाज कसा सापडला, हे मी भेटेल त्याला सांगत असतो, आज तुमची पाळी.

चित्रीकरणाच्या वेळी हॅलला आवाजच नव्हता. त्याची वाक्यं सेटवरचं कुणीतरी वाचून दाखवायचं. बराच काळ हे काम सहायक दिग्दर्शकाकडे होतं आणि त्याचा हेल होता ठसठशीत कॉकनी, लंडनच्या गल्लीबोळातला. आता कल्पना करा. अंतराळवीर डेव्हचं काम करणारे कीर डुलिया जिवाच्या आकांताने दार उघडायला सांगताहेत आणि पलीकडून त्या हेलात नकार येतोय!

नंतर मार्टिन बाल्सम या अमेरिकी नटाकडून हॅलची वाक्यं म्हणवून घेतली. कुब्रिकना तो आवाज फार अमेरिकी वाटला. मग आले डग्लस रेन. नाव लक्षात ठेवा, डग्लस रेन. कॅनडातले रंगभूमीचे नट, शेक्सपिअर करणारे. ‘युनिव्हर्स’ नावाच्या माहितीपटातलं त्यांचं निवेदन कुब्रिकना आवडलं होतं, त्यामुळे आधी त्यांना निवेदनासाठीच घेतलं. पुढे निवेदन गेलं आणि हॅल पदरात पडला. चित्रीकरण तर केव्हाच संपलेलं. दोन दिवस, सगळे मिळून साधारण दहा तास, तेवढ्यात सगळी वाक्यं झाली. आणि आवाजात ताण येऊ नये म्हणून रेन कसे बसले होते, माहितेय? अनवाणी पाय उशीवर ठेवून! यानातल्या चार माणसांचा जीव घेणारा तो थंडगार आवाज, आणि खाली पायांना उशी. मीही आत्ता चपला काढून बसलोय. उशी मात्र मिळाली नाही.

रेन यांनी काय केलं? काहीच केलं नाही, तीच खुबी. राग नाही, घाई नाही, यंत्राची खरखर नाही. हॅल शेवटपर्यंत सौजन्यानेच बोलतो. हल्ली फोनमधली ती मदतनीस मंडळी बोलतात ना, उगाच उत्साहाने, जणू आपण त्यांच्या लग्नाला आलोय. त्यापेक्षा मला हॅल परवडला. निदान ठार मारेपर्यंत तरी आदब.

शेवटी डेव्ह त्याच्या स्मृतीचे तुकडे एकेक करून बाहेर काढतो. आपल्याला ऐकू येतो हेल्मेटमधला डेव्हचा श्वास आणि हॅलची विनवणी. मग हॅल गाणं म्हणू लागतो, ‘डेझी बेल’. दोघांनी चालवायच्या सायकलीचं जुनं प्रेमगीत, १८९२ सालचं. आवाज जड होत जातो, खोल खोल, चावी संपलेल्या खेळण्यासारखा. तेच गाणं का? कारण १९६१ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये आयबीएमच्या ७०४ संगणकाकडून हेच गाणं खरोखर म्हणवून घेतलं होतं, आणि चित्रपटाचे सहलेखक आर्थर सी. क्लार्क यांनी तिथे ते स्वतः ऐकलं होतं. म्हणजे संगणकाने पहिल्यांदा गळा काढला तो ज्या गाण्यावर, त्याच गाण्यावर हॅल मरतो.

आणि सगळ्यांत भीतीदायक क्षण? त्यात आवाजच नाही. दोघे अंतराळवीर हॅलला ऐकू जाऊ नये म्हणून छोट्या यानात शिरून बोलतात. आपल्यालाही काही ऐकू येत नाही. नुसते हलणारे ओठ. आणि हॅल ते ओठ वाचतोय.

काचेपलीकडून हात दाखवताहेत, वेळ संपली. ‘एलियन’च्या नायिकेबद्दल, रिप्लीबद्दल बोलायचं राहिलं, ‘स्टार वॉर्स’मधल्या आर-टू-डी-टू या यंत्रमानवाच्या शिट्ट्या राहिल्या. जाता जाता एकच. १९५४ चा गॉडझिला. ती डरकाळी कुठल्या जनावराची नाही. संगीतकार अकिरा इफुकुबे यांची युक्ती, राळ लावलेला चामडी हातमोजा डबल बेस या मोठ्या तंतुवाद्याच्या सैल तारेवरून ओढला आणि तो आवाज संथ करून वाजवला. हातमोजा आणि तार. नमस्कार.