हिरडी बघून ठेवा

मंडळी, भूतदयेवर मी बोलणार नाही. तो शब्द मला जरा जडच जातो. मी जनावरांच्या दवाखान्यातला माणूस. टेबलापाशी उभं राहून जे दिसतं तेवढंच सांगेन.

सुरुवात मात्र जर्मनीतून करतो. बॉनजवळ ओबरकासेलला 1914 साली दगडाच्या खाणीत एक दफन सापडलं, सुमारे 14 हजार वर्षांपूर्वीचं. एक पुरुष, एक बाई आणि सोबत सातेक महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू. त्याच्या दातांवरच्या खुणा तपासून 2018 साली संशोधकांनी मांडलं, की त्याला बहुधा डिस्टेंपर, म्हणजे कुत्र्यांचा एक विषाणूजन्य आजार, झाला होता आणि ते कित्येक आठवडे आजारी होतं. डिस्टेंपरची पिल्लं मी पाहिलीत. ओकारी, हगवण, डोळ्यांत चिपडं, पुढे झटके. उठून पाणी प्यायचंही त्राण राहत नाही. म्हणजे कुणीतरी त्याला उबेत ठेवलं, पुसलं, पाणी पाजलं असणार. शिकारीला त्याचा काडीचा उपयोग नसताना!

जीव लावणं म्हणतात ते हे. केक, फोटो, स्वेटर ही हौस. हौसेला माझी हरकत नाही, फक्त मे महिन्यात स्वेटर नको. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते जीभ काढून धापा टाकतं तेव्हाच गार होतं.

आज डिस्टेंपरवर लस आहे. पहिली, पिल्लं सहा ते आठ आठवड्यांची असताना, मग दर तीन-चार आठवड्यांनी, सोळाव्या आठवड्यापर्यंत. 'इतक्या वेळा कशाला, डॉक्टर?' हा प्रश्न रोज येतो. आईच्या चिकातून मिळालेलं संरक्षण लशीला काम करू देत नाही, आणि ते कधी ओसरेल हे पिल्लागणिक वेगळं. म्हणून एका सुईत 'झालं' म्हणता येत नाही. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात, पुढे डॉक्टर सांगतील तशी. आणि कुत्रं चावलंच, तर जखमेवर तिखट-हळद दाबू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

एकदा एक आजी मांजर घेऊन आल्या. अंग गरम लागलं म्हणून त्यांनी मायेने पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दिली होती. मांजराच्या यकृताला ते औषध नीट पचवता येत नाही. हिरड्या तपकिरी, तोंड सुजलेलं. ते मांजर वाचलं नाही. आजी कितीतरी वेळ बाकावरून उठल्या नाहीत. मी त्यांना काय बोलणार होतो? रश्श्यातल्या कांद्याचंही तसंच; कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या लाल पेशी तो फोडतो. आपल्या घरात कांद्यावाचून काय शिजतं, सांगा.

तर आज घरी गेलात की एक करा. कुत्र्याचा ओठ उचलून हिरडी बघा, ते ठणठणीत असतानाच. गुलाबी असेल. बोटाने दाबा, पांढरी पडेल. दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. हिरड्या जन्मजात काळ्या असतील तर खालची पापणी ओढून आतून बघा. नेहमीचा रंग ठाऊक असेल तरच बदललेला ओळखाल.

मांजर असेल तर आधी तिची परवानगी घ्या.