पाटाचं पाणी पडद्यावर

मंडळी, आपल्या माणसाच्या कलेच्या कार्यक्रमाला घरच्यांनी का जावं, हा विषय मोठा आहे, पण मी एकाच प्रवासाचं सांगणार आहे. गेल्या हिवाळ्यात साक्री तालुक्यातल्या आमच्या पांझराकाठच्या गावाहून आम्ही अकरा जण एका क्रूझरनं पुण्याला गेलो. माझ्या भाचीच्या माहितीपटाचा तिथं पहिला जाहीर खेळ होता.

माहितीपट फड पद्धतीवर आहे. धुळ्यात फड म्हणजे काय हे सांगावं लागू नये, पण मागे कॉलेजची मुलं बसली आहेत, त्यांच्यासाठी सांगते. पांझरा, मोसम या नद्यांवर एकाखाली एक बंधारे घातलेले असत. बंधाऱ्यापासून पाट निघायचा, पाटातून चाऱ्या, चाऱ्यांतून सारंगा, म्हणजे वावरात जाणाऱ्या लहान चाऱ्या. मोटर नाही, पंप नाही. उतारानं पाणी वावरात जायचं. गावाची बागायत फडांत, म्हणजे मोठ्या पट्ट्यांत वाटलेली, आमच्याकडे चार फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. प्रत्येक घराचा तुकडा बहुधा प्रत्येक फडात असायचा. त्यामुळं ज्या साली नदीला पाणी कमी, त्या साली एखादा फड भिजवायचाच नाही असं पंच ठरवत, आणि तोटा सगळ्यांच्या वाट्याला सारखा यायचा. तीन-चारशे वर्षं हे चाललं. देखरेखीला हवालदार, राखणीला जागल्या आणि पाणी वाटायला पाटकरी. पुढे नदीवर धरणं झाली, विहिरी खोल गेल्या, घरोघर मोटर आली. आमच्या पाटात आता बाभळी उगवल्या आहेत.

माझे चुलतभाऊ तात्या हे आमच्या गावचे शेवटचे पाटकरी. ते ऐंशीच्या पुढचे आहेत. भाचीनं चार वर्षं त्यांच्यामागं कॅमेरा घेऊन फिरून हा माहितीपट केला. एप्रिलच्या उन्हात ती यायची, आमच्या घराच्या धाब्यावर झोपायची, पहाटे तात्यांबरोबर बंधाऱ्यावर जायची. त्या काळात मी तिला दोनदा सांगितलं होतं की आता बी.एड. कर. ते मी सांगायला नको होतं. पुण्याला जायचं ठरलं तेव्हा माझ्या मनात ते होतं, म्हणून सगळ्यांना गोळा करायचं काम मी अंगावर घेतलं.

पहाटे चारला निघालो. वहिनींनी दशम्या, लसणाची चटणी आणि कळण्याच्या पुऱ्या बांधून घेतल्या होत्या. धुळे मागं पडलं आणि उजाडताना मालेगावला मोसम पुलावर आलो. तात्यांनी गाडी थांबवायला लावली, काच खाली केली आणि बराच वेळ खाली बघत राहिले. ‘हिच्यावरबी फड व्हतात,’ एवढंच म्हणाले. मनमाड, येवला, कोपरगाव करत दुपारी नगरला जेवलो, संध्याकाळी पुण्यात.

सभागृह लहान होतं. अर्ध्या खुर्च्या तिच्या मित्रमैत्रिणींनी भरल्या होत्या. पुढच्या दोन रांगा आमच्या. धोतर-टोपीतले तात्या, नऊवारीतल्या वहिनी, आणि कॅमेऱ्यात आपली म्हैस दिसेल का म्हणून विचारणारा माझा नातू. अंधार झाला. पडद्यावर पहिल्यांदा काही दिसलंच नाही, नुसता आवाज आला. पहाटे कुणाच्या तरी ओट्याखालून तात्या अहिराणीत हाक मारत होते, ‘पानी उनं रे, तुनी बारी शे!’ पाणी आलं, तुझी पाळी आहे. पाट वाहता असताना मी लहानपणी ही हाक अंथरुणात ऐकलेली. माझ्या शेजारी वहिनी रडायला लागल्या. मग पडद्यावर तात्यांचे पाय आले. चिखलातले, बोटं फाकलेले. टाच रोवून त्यांनी सारंगेचं तोंड बांधलं, मातीचे दोन ढेकळं आणि वर गवताची पेंडी, कुदळीचा एकच हलका टोला. हे त्यांनी तिच्यासाठी कोरड्या पाटात करून दाखवलेलं, पण हात चुकला नव्हता.

मराठी माणसाच्या हाती सिनेमाचा कॅमेरा पहिल्यांदा आला तेव्हाही त्याचं तोंड असंच आपल्या माणसांकडे होतं. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादांनी १८९९ साली मुंबईत हँगिंग गार्डनवर कुस्ती टिपली. केंब्रिजहून गणिताचे रँग्लर होऊन परतलेल्या र. पु. परांजप्यांचं १९०१ सालचं स्वागतही त्यांनीच टिपलं. मला वाटतं, आपल्याकडे माहितीपटाची सुरुवात तिथली आहे, आणि पांझरेकाठची आमची मुलगी त्याच वाटेनं चालली आहे.

आता मुख्य गोष्ट. पडद्याखाली इंग्रजी अक्षरं येत होती. तात्यांना इंग्रजी येत नाही, म्हणून माझी पुतणी त्यांच्या कानाशी अर्थ सांगत होती. ‘पाटकरी’ शब्द आला तिथं खाली मजूर अशा अर्थाचा शब्द होता. खेळ संपला, टाळ्या झाल्या, प्रश्नोत्तरं सुरू झाली, आणि तात्या उभे राहिले.

‘मी मजूर नही व्हतू. पाटकरी व्हतू.’ मग मराठीत बोलले. कुणाच्या वावरात कामाला नव्हतो. गावानं पाणी वाटायला ठेवलं होतं. सुगीला प्रत्येक खळ्यावरून माझं धान्य यायचं. सख्ख्या भावालाही बारी आल्याशिवाय पाणी दिलं नाही, त्यानं दोन वर्षं बोलणं टाकलं होतं.

सभागृह गप्प. भाची खाली उतरून आली, तात्यांच्या पाया पडली आणि माईकवरून म्हणाली की चूक माझी आहे, शब्द बदलते.

घरच्यांनी कार्यक्रमाला जावं ते टाळ्यांसाठी, असं आपण धरून चालतो. टाळ्या तर तिथं जमलेल्यांनी भरपूर वाजवल्या असत्या. पण ती चूक त्या खोलीत एकाच माणसाला दिसणार होती, आणि तो माणूस साक्रीहून आला नसता तर तो शब्द तसाच देशोदेशी गेला असता. आमची अकरा माणसं, दोन दिवसांचा खाडा, डिझेलचा खर्च, या सगळ्याचा हिशोब माझ्यापुरता तिथं मिटला.

तिनं शब्द बदलला आहे. आता खाली ‘पाटकरी’ असाच शब्द येतो, इंग्रजी अक्षरांत, त्याचं भाषांतर न करता.

येत्या चैत्रात हा माहितीपट आमच्या गावात दाखवायचा आहे, मारुतीच्या देवळाच्या पांढऱ्या भिंतीवर. तुम्ही सगळे या. बसायला सतरंजी घरून आणा. पडल्या अंधाराला सुरू करू. तात्यांना भिंतीपासून फार लांब बसवू नका, त्यांना आता कमी दिसतं.