खारपाणपट्ट्यात समुद्राची रेती

(दृश्य: दर्यापूर तालुक्यातलं काळं वावर, वेचणीला आलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. मग घरातली काचेची टाकी, अजून कोरडी.)

आमचं गाव पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात. अकोला, अमरावती आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत हा पट्टा पसरलेला आहे. इथल्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, आणि बोअरचं पाणी सतत पिकाला दिलं तर जमीन चोपण, म्हणजे क्षारांनी घट्ट, होते. मुंबईचा समुद्र रेल्वेने सहाशे किलोमीटरच्या आसपास. अशा गावात मी प्रवाळांसाठी खाऱ्या पाण्याची टाकी लावतो आहे. आज त्यातल्या एकाच गोष्टीबद्दल बोलणार आहे, ती म्हणजे तळाची रेती. दिवे आणि पंप यांच्यावर लोक महिनोन्‌महिने विचार करतात आणि रेती शेवटी रंग पाहून घेतात. मी कास्तकार आहे. माझ्यासाठी टाकीची सुरुवात तळापासूनच होते.

शेजारचे काका संध्याकाळी टाकीपाशी येऊन बसतात. त्यांनी विचारलं, "अरे बापू, आपल्या इथलं पाणी तं आंधीच खारं हाय. मंग हे मीठ इकत कायले आणतं?"

"काका, आपलं खारं येगळं अन् समुद्राचं येगळं," मी म्हटलं.

समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातला ८५ टक्क्यांच्या आसपास भाग सोडियम आणि क्लोराइडचा. उरलेल्यात सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम. जगातल्या कुठल्याही महासागरात गेलात तरी या क्षारांचं एकमेकांशी प्रमाण जवळजवळ तेच राहतं, आणि प्रवाळ त्याच प्रमाणाला सरावलेले आहेत. आमच्या बोअरच्या पाण्यात सोडियम आणि बायकार्बोनेट भरपूर, वर खतांचं नायट्रेट. म्हणून आरओचं पाणी आणि टाकीसाठी तयार मिळणारं समुद्री मीठ. आरओने बाहेर टाकलेलं वाया जाणारं पाणी गोठा धुवायला जातं.

(दृश्य: पितळी वाटीत नदीची रेती, शेजारच्या वाटीत पांढरी रेती. हातात लोहचुंबक.)

आता रेती. पहिला मोह नदीच्या रेतीचा होतो, कारण ती दारात पडलेली असते. आमच्याकडची रेती बहुतांशी काळ्या दगडाचा, म्हणजे बेसॉल्टचा चुरा. तिच्यातून लोहचुंबक फिरवून पाहा, काळे कण चिकटून वर येतात. हे लोहयुक्त कण खाऱ्या पाण्यात मला नको आहेत. आणि ही रेती कुठल्या कुठल्या वावरांतून वाहत आली, तिथे काय काय फवारलं होतं, हे सांगणारं कोणी नाही.

इथे एक गोष्ट नीट पाहून घ्या. रेती चुन्याची आहे का, हे पाहायला तिच्यावर व्हिनेगर टाकतात, बुडबुडे आले की रेती चांगली, असं सांगतात. विदर्भात ही परीक्षा अर्धवट पडते. आपल्या काळ्या जमिनीत चुनखडीचे खडे असतात, ते वाहून नदीत येतात, आणि त्यांच्यावरही व्हिनेगर फसफसतं. म्हणून बुडबुड्यांवर थांबू नका. चिमूटभर रेती अर्धा पेला व्हिनेगरमध्ये टाका आणि रात्रभर ठेवा. खरी समुद्री चुन्याची रेती जवळजवळ सगळी विरघळून जाते. नदीची रेती थोडा वेळ फसफसते आणि तळाशी काळे-तपकिरी दाणे तसेच राहतात.

दुसरा मोह चुनखडकाचा. वणी, राजुरा, कोरपना भागातला चुनखडक सिमेंटच्या कारखान्यांना जातो. डायनासोर जन्मण्याच्या कितीतरी आधी तिथे समुद्र होता, आणि त्या समुद्राच्या तळाशी हा खडक साचला. म्हणजे समुद्राचा तळ विदर्भात आहेच! मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. तरीही तो चुरा मी टाकीत घालणार नाही. तो मुख्यतः कॅल्साइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचं एक रूप आहे, सोबत माती आणि सिलिका मिसळलेली, आणि दगड फोडून केलेल्या दाण्याला धार असते. रेतीत बिळं करून राहणाऱ्या मऊ अंगाच्या किड्यांना ती धार नको.

मी घेतली आहे अ‍ॅरागोनाइटची रेती. तेही कॅल्शियम कार्बोनेटच, फक्त स्फटिकाची रचना वेगळी. प्रवाळांचा सांगाडा अ‍ॅरागोनाइटचा असतो. हॅलिमेडा नावाचं हिरवं शेवाळ आपल्या अंगात त्याच्याच चकत्या बनवतं, आणि शेवाळ मेलं की त्या चकत्यांची रेती होते. पोपटमासा प्रवाळाचा खडक खरवडून खातो आणि दळलेला चुना मागे टाकतो. उष्ण समुद्रातल्या बेटांचे पांढरे किनारे बऱ्याच अंशी अशा जीवांनी घडवलेले आहेत. बहामा बेटांजवळच्या उथळ पाण्यात मात्र चुना थेट पाण्यातून दाण्यावर थर धरत जातो आणि गोल गुळगुळीत रेती तयार होते.

विकणारे सांगतात की ही रेती पाण्यात विरघळून प्रवाळांना कॅल्शियम पुरवते. त्यावर फार भिस्त ठेवू नका. टाकीच्या पाण्याचा सामू (पीएच) ८.१ ते ८.३ असतो आणि तेवढ्यात अ‍ॅरागोनाइट फारसा विरघळत नाही. थराच्या खोल भागात, जिथे सूक्ष्मजीवांच्या श्वसनाने सामू उतरतो, तिथे थोडाफार विरघळतो. प्रवाळांचं कॅल्शियम वेगळं द्यावंच लागतं.

(दृश्य: हातावर तीन जाडीची रेती, जवळून.)

आता मुख्य मुद्दा, दाण्याची जाडी आणि थराची उंची.

माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया सुटतो. काही सूक्ष्मजीव त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. या कामकऱ्यांपैकी एकाचा शोध तर टाकीतच लागला. २००५ साली अमेरिकेतल्या सिॲटलच्या मत्स्यालयाच्या समुद्री टाकीतून संशोधकांनी 'नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस' वेगळा करून वाढवला. तो जिवाणू नाही, आर्किया या वेगळ्या वंशातला आहे. अमोनियावर जगणारा आर्किया त्याआधी कोणी वेगळा करून वाढवला नव्हता. पुढे कळलं की खुल्या समुद्रात त्याचे भाईबंद अमाप आहेत.

या सगळ्यांना ऑक्सिजन लागतो, म्हणून ते रेतीच्या वरच्या भागात राहतात. खाली, जिथे ऑक्सिजन संपतो, तिथे दुसरी मंडळी असते. ती नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरते आणि नायट्रोजन वायूच्या रूपात हवेत सोडून देते.

कास्तकाराला ही गोष्ट ओळखीची आहे. जुलैत झड लागली, वावरात पाणी तुंबलं, की पऱ्हाटी पिवळी पडते. त्याचं एक कारण हेच. दिलेल्या युरियाचं नायट्रेट होतं आणि तुंबलेल्या, हवा कोंडलेल्या मातीतून ते वायू होऊन उडून जातं. वावरात आपण ज्या नुकसानीने हळहळतो, तीच घटना टाकीत आपल्याला हवी असते. मातीत पाणी कसं मुरतं आणि हवा कुठवर जाते हे ज्याला कळतं, त्याला रेतीचा थर समजायला वेळ लागत नाही.

जाड दाणा, तीन ते पाच मिलिमीटरचा, घेतला तर पाणी आरपार जातं, पण घाणही फटींत जाऊन बसते आणि सडते. पिठीसाखरेसारखी बारीक रेती घेतली तर हवा लवकर संपते, खालचं काम उत्तम होतं, पण प्रवाळांसाठी लाटांचा पंप लावला की ती उडून प्रवाळांवर बसते. मी एक ते दोन मिलिमीटरचा दाणा घेतला आणि त्यात थोडी बारीक रेती मिसळली.

उंची चार सेंटिमीटर. दहा-बारा सेंटिमीटरचा खोल थर नायट्रेट चांगलं उतरवतो, आणि एके काळी त्याचा मोठा बोलबाला होता. आमच्या गावात मी तो लावणार नाही, कारण इथली वीज. पंप थांबला की थरातले अगणित जीव पाण्यातला ऑक्सिजन ओढत राहतात, आणि थर जितका खोल तितकी ओढ मोठी. शिवाय खोल थरात हायड्रोजन सल्फाइड साचतो, सडक्या अंड्याच्या वासाचा. असा थर चुकून ढवळला गेला तर मासे मरू शकतात. थर उथळ असला तरी बॅटरीवरचा हवेचा पंप हवाच.

हिशेब सोपा आहे. टाकीचा तळ ९० बाय ४५ सेंटिमीटर, थर चार सेंटिमीटर, म्हणजे सुमारे १६ लिटर रेती. वजनात २२ ते २५ किलो.

(दृश्य: अंगणात घमेल्यात रेती धुणं.)

कोरडी रेती धुवायची, पाणी गढूळ यायचं कमी होईपर्यंत, आणि शेवटचं पाणी आरओचं. माझी एकच कळकळीची विनंती आहे, फवारणीची बादली वापरू नका. घमेलं, मग, पाइप, काहीही नाही. कपाशीवर, संत्र्यावर आपण तांब्याची बुरशीनाशकं मारतो, बोर्डो मिश्रण, कॉपर ऑक्सिक्लोराइड. माशाला सोसेल एवढं तांबं शिंपल्याला, कोळंबीला आणि प्रवाळाला मारतं. या कामाची भांडी नवी घ्या आणि वेगळी ठेवा.

आधी प्रवाळ ज्यावर बसवायचे तो खडक थेट काचेवर टेकवून रचायचा, मग भोवती रेती. रेतीवर खडक ठेवला तर बिळं करणारा जीव खालून पोखरतो आणि रचना कोसळते. पाणी ओतताना तळाशी ताटली ठेवा. एक-दोन दिवस पाणी दुधाळ दिसेल, मग निवळेल.

(दृश्य: पांढरी, स्वच्छ रेती. पाण्याखाली काहीच हालचाल नाही.)

ही रेती सुंदर आहे आणि मेलेली आहे. आता तिला जीव लावायचा.

हरभरा पेरताना बियाण्याला रायझोबियमचं पाकीट चोळतो, १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम. इथेही तोच विचार. बाजारात बाटलीतले जिवाणू मिळतात, 'जिवंत रेती'च्या पिशव्या मिळतात. जिवाणूंपुरतं ठीक. पण पिशवीत किडे नसतात, आणि मे महिन्यात ४५ अंशांत कुरिअरच्या गाडीतून आलेल्या पिशवीवर माझा विश्वास नाही. जुन्या, निरोगी टाकीतली दोन वाट्या रेती त्याहून कितीतरी मोलाची. तिच्यात कोपेपॉड आणि अ‍ॅम्फिपॉड, म्हणजे कोळंबीच्या जातकुळीतले इवले जीव असतात, केसाळ किडे असतात, आणि रेतीतून लांब धाग्यांसारखे हात बाहेर काढणारे किडेही. गांडूळ माती भुसभुशीत ठेवतं, तेच काम हे करतात.

ती रेती मी नागपूरच्या मित्राकडून आणली, हिवाळ्यात, एसटीने. पसरट डबा, रेतीवर बोटभर पाणी, सोबत बॅटरीचा छोटा हवापंप. जुन्या थराचा वरचा इंचभरच भाग घ्यायचा, खालचा काळा भाग नाही. आणली की धुवायची नाही.

किनाऱ्यावरून रेती किंवा खडक उचलून आणायचा विचारही करू नका. आपल्याकडचे खडक बांधणारे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या बरोबरीने.

ही जुनी रेती टाकीत कधी टाकायची? अमोनिया शून्यावर आल्यावर. नव्या टाकीत याला साधारण चार ते सहा आठवडे जातात. त्याआधी टाकली तर जिवाणू तगतील, किडे मरतील. टाकताना तासभर लाटांचे पंप बंद ठेवा आणि रेती पसरू नका. तीन-चार ठिकाणी लहान ढिगल्या करा. किडे त्यात आसरा घेतात आणि सवडीने बाहेर पसरतात.

(दृश्य: काचेलगत रेतीचा छेद. तपकिरी थर, बारीक बिळांच्या रेषा.)

मग रेतीवर तपकिरी साय येईल. ते डायटम, म्हणजे सूक्ष्म शेवाळ असतात, नव्या टाकीत येतात आणि बहुधा आपोआप जातात. औषध टाकू नका. जुन्या रेतीबरोबर पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा परजीवी येऊ शकतो, त्याच्या पुटी रेतीत चिकटून राहतात. म्हणून अडीच महिने एकही मासा नाही. मासा नसला की बाहेर पडलेल्या परजीवीला अन्न मिळत नाही आणि तो संपतो. या काळात किड्यांसाठी चिमूटभर खाद्य टाकत राहायचं.

उन्हाळ्याची चिंता अनेकांना वाटते. पाणी २५-२६ अंशांवर ठेवायचं तर मे महिन्यात आमची कोरडी हवाच कामाला येते. पाण्यावर पंखा सोडला की बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात, बाकीचं खोलीतला कूलर पाहतो. उडालेल्या पाण्याच्या जागी आरओचं साधं पाणी घालायचं, खारं नाही, कारण मीठ टाकीतच राहतं. जुलैच्या दमट हवेत मात्र पंखा हरतो, तेव्हा चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र लागतं.

रात्री टॉर्च लावून काचेलगत पाहा. रेतीत बारीक बिळं दिसू लागली, काचेवर टाचणीच्या टोकाएवढे पांढरे जीव पळू लागले, की पेरणी लागली. मग नासारियस शंखगोगलगायी सोडा. त्या रेतीत पुरून राहतात, खाद्याचा वास आला की सोंड वर काढतात आणि थर हलता ठेवतात. दुकानात रेती चाळणारा तारामासाही दाखवतील आणि टाकी स्वच्छ ठेवतो म्हणून सांगतील. तो खातो ते आपण पेरलेले हेच जीव, आणि ते संपले की एवढ्याशा तळावर स्वतः उपाशी मरतो. माझ्या टाकीत त्याला जागा नाही.