कुत्रं आवरा, आम्ही आलोय

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘मंगोलियातलं कुरण कोणाचं?’ तिकडे येतोच. आधी कुत्र्याचं सांगू द्या, त्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

ओर्खोनच्या खोऱ्यात आमची गाडी नदीच्या उतारावर मधोमध बंद पडली. रशियन बनावटीची फुरगोन, पावाच्या लादीला चाकं लावावीत तशी. चालकाने बॉनेट उघडण्याआधी सिगारेट पेटवली, त्यावरूनच कळलं की रात्र इथेच. अखेर चालत एका गेरपाशी पोचलो. गेर म्हणजे लोकरीच्या नमद्याचं गोल घर. चालक लांबूनच ओरडला, “नोखोई खोर!” बाई बाहेर आल्या, आम्हाला आत नेलं, दुधाचा चहा दिला. मीठ घातलेला. सोबत आरूल, म्हणजे वाळवलेल्या दह्याचा खडा. इथे दाताचे डॉक्टर बसलेत, त्यांनी तिकडे दवाखाना टाकायला हरकत नाही.

मी समजलो, नोखोई खोर म्हणजे त्यांचा रामराम. पुढचे आठ दिवस भेटेल त्याला मी तेच म्हणत सुटलो. उलानबातरला संग्रहालयाच्या तिकीट खिडकीवरही म्हणालो. बाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग वाकून टेबलाखाली पाहिलं. अर्थ होता, “कुत्रं आवरा!”

हसताय, पण माझा मुद्दा त्यातच आहे. घराला कुंपण नाही, फाटक नाही, कडी वाजवायची सोय नाही. म्हणून आल्याची वर्दी लांबूनच द्यायची. आणि आमच्या सहलीच्या पत्रकात छापलं होतं, ‘निर्मनुष्य गवताळ प्रदेश’! निर्मनुष्य कसला? समोरचा डोंगराचा आडोसा कुणाच्या तरी हिवाळ्याचा, नदीकाठ कुणाच्या तरी उन्हाळ्याचा. आपले धनगर दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणात उतरतात, त्यांनाही लोक खुशाल ‘भटके’ म्हणतात. त्यांच्या वाटा तुमच्या-माझ्या दिनक्रमापेक्षा पक्क्या असतात.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं, भरभर सांगतो.

1990 नंतर सरकारी कळप खासगी झाले, पण 1992 च्या राज्यघटनेनं कुरणं खासगी मालकीत जाऊ दिली नाहीत. जनावर माझं, गवत सगळ्यांचं. मग काश्मिरी लोकरीच्या भावापायी शेळ्या वाढल्या, कुरणावर ताण आला, आणि ‘वाटण्या करा, कुंपणं घाला’ म्हणणारेही आले. त्यांना मी एकच शब्द सांगतो, झुद. उन्हाळा कोरडा जातो, पाठोपाठ जीवघेणा हिवाळा येतो, बर्फाखालचं गवत जनावरांच्या तोंडी लागत नाही. 2009-10 च्या झुदमध्ये 80 लाखांहून जास्त जनावरं गेली. अशा वेळी गुराखी कळप घेऊन दूरच्या कुरणावर निघतो, त्याला ओतोर म्हणतात. प्रत्येकाच्या तुकड्याला तार असेल, तर हा माणूस मेंढ्या घेऊन जाणार कुठे?

हुस्ताई राष्ट्रीय उद्यानातले ताखी, म्हणजे तिथले रानटी घोडे, राहिलेच. ते चहाच्या वेळी विचारा. आपल्या चहात मीठ नाही ना?